राखणदाराची नोंद

आपल्या दसऱ्याच्या दिवसांत नेपाळात दशैं असतो, दिवाळीत तिहार, आणि आपल्या भाऊबीजेच्याच दिवशी तिथे बहिणी भावांना भाईटीका लावतात. सण उरकला की पश्चिम नेपाळातल्या अछाम, डोटी, कैलाली अशा जिल्ह्यांतून माणसं कामासाठी निघतात. बनबशाचा किंवा गौरीफंट्याचा नाका ओलांडून भारतात येतात आणि पुढे पांगतात. त्यांतली हजारो कोकणात रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या हापूसच्या बागांत पोचतात. मिरकरवाडा आणि हर्णैच्या नौकांवरचे नेपाळी खलाशी तर पावसाळी मासेमारीबंदी उठते तेव्हाच, ऑगस्टात आलेले असतात.

बागेत त्यांना सगळे गुरखेच म्हणतात, पण काम नुसत्या राखणीचे राहिलेले नाही. गवत काढायचे, मोहोर आला की फवारणीच्या नळ्या ओढायच्या, वानरं हाकलायची, रात्री बॅटरी घेऊन फेऱ्या मारायच्या, आंबा तयार झाला की घळ घेऊन झाडावर चढायचे आणि मग पेट्या भरायच्या. पुष्कळदा नवरा-बायको जोडीने येतात, पोरंही बरोबर असतात, आणि सगळ्यांचा मुक्काम बागेतल्या मांगरात. गावातली तरुण मुलं मुंबईला गेली तेव्हा जी जागा रिकामी झाली ती या माणसांनी भरली. ती नसती तर आज कोकणचा आंबा वेळेवर वाशीच्या बाजारात पोचला नसता. यंदाचा आमचा अंक त्यांच्याभोवती उभा आहे. या पहिल्या पानावर मला एवढेच विचारायचे आहे की, त्यांना कामावर ठेवणाऱ्यावर कायद्याने कोणते बंधन आहे आणि कोणते असायला हवे.

३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या भूमीत राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापारधंदा करण्याची आणि हिंडण्याफिरण्याची मुभा दिली. म्हणून नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही की कामाचा परवाना लागत नाही. परकीय नागरिकांविषयीचा १९४६ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा लागू झाला, त्यातही ही सवलत टिकली. शेजाऱ्याशी इतक्या मोकळेपणाने वागणारे करार जगात थोडेच आहेत आणि हा करार असाच राहावा असे मला मनापासून वाटते. पण इतर देशांत परवाना देताना सरकार मालकाकडून पगार, निवारा, विमा यांची लेखी हमी घेऊ शकते. आपल्याकडे परवानाच नाही, त्यामुळे हमी मागण्याची जागाही कुठे उरलेली नाही.

सरकार आज बागायतदाराकडे आणि नौकामालकाकडे मुख्यतः मागते ती कामगाराची माहिती आणि ओळखपत्राची प्रत, तीही पोलीस ठाण्यासाठी. किनाऱ्यावर ही दक्षता हवीच. १९९३ मध्ये शेखाडीला स्फोटके उतरली आणि २००८ मध्ये समुद्रातून दहशतवादी आले हे आपण विसरलेलो नाही. मात्र ही नोंद सुरक्षेसाठी आहे. पगार किती ठरला, उचल किती दिली, झाडावरून पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे विचारणे तिच्या कामाचा भागच नाही. आणि हे विचारणारी दुसरी नोंद कुणी ठेवत नाही.

परराज्यातून येणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला होता. फोटो लावलेले पासबुक, त्यात मजुरीचा दर आणि वजावटी, घर सोडून आल्याबद्दल भत्ता, येण्याजाण्याचे भाडे, राहायला योग्य जागा, औषधोपचार, असे सगळे त्यात होते. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळवण्याचे बंधनही होते. तो कायदा नीट राबवला गेला नाही, पण घर सोडून आलेल्या माणसाला काय लागते याची जाण तो लिहिणाऱ्यांना नक्की होती. मात्र तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणलेल्यांपुरताच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता आली. तिच्यातही चौकट राज्याराज्यांमधलीच आहे, आणि या तरतुदी दहा किंवा अधिक असे मजूर असतील तिथेच लागू होतात. बिहारमधून आलेल्याला निदान कागदावर जे मिळते, ते कैलालीहून आलेल्याला कागदावरही मिळत नाही. तिकडे नेपाळच्या २००७ च्या वैदेशिक रोजगार कायद्याप्रमाणे श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाची सरकारी परवानगी, घेऊन कतारला किंवा मलेशियाला गेलेला माणूस दगावला तर कल्याण निधीतून त्याच्या घरी मदत जाते. भारतात यायला ती स्वीकृती लागत नाही, म्हणून भारतात दगावलेल्याचे कुटुंब त्या मदतीलाही मुकते. दोन देशांच्या कायद्यांनी त्याला आपापल्या दाराबाहेर ठेवले आहे.

तरीही ‘हा परदेशी, याला कुठला कायदा?’ असे कोणा मालकाने समजू नये. किमान वेतन नागरिकत्व पाहून ठरत नाही. संविधानातले जीविताच्या हक्काचे २१ वे कलम आणि वेठबिगारीला मनाई करणारे २३ वे कलम ही दोन्ही फक्त नागरिकांपुरती नाहीत, या भूमीवरच्या प्रत्येक माणसासाठी आहेत. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे सक्तीची मजुरीच असे ठरवले. उचल दिली आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्या नौकेवर पाय ठेवायचा नाही असे बजावले, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा मालकाच्या दाराशी येतो. आणि भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत तर १९५० च्या कराराचा आधार घेऊन नेपाळी कामगाराला भारतीय कामगारच मानलेले आहे. बाग आणि नौका सहसा त्या योजनेत बसत नाहीत, पण वाट तिने दाखवून दिली आहे. त्याच कराराच्या आधारे स्थलांतरित मजुरांच्या सगळ्या तरतुदी नेपाळी कामगाराला लागू करता येतील. राज्य सरकारने केंद्राकडे हा आग्रह धरावा, अशी आमची पहिली मागणी आहे.

कोकणाला हे समजावून सांगावे लागू नये. दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतला कर्ता मुलगा आखातात आहे. त्याच्यासाठी आपल्या देशाने १९८३ चा उत्प्रवासन कायदा केला. दहावी न झालेला मुलगा सौदीला किंवा कुवेतला निघाला, तर तिथल्या मालकाचा करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदवावा लागतो, पगार ठरलेल्या किमान रकमेखाली चालत नाही, प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा उतरवावा लागतो. एवढे करूनही फसवणूक होतेच, पासपोर्ट अडकतातच, आणि मग आपण दूतावासाला पत्रे लिहितो, खासदारांना गाठतो. ते बरोबरच आहे. पण कुवेतच्या मालकाकडून आपल्या मुलासाठी जो कागद आपण हक्काने मागतो, तो आपल्या मांगरात राहणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या मुलाला आपण का देत नाही?

बागायतदारांच्या अडचणी मी जवळून जाणतो. फुलकिडे औषधांना दाद देत नाहीत, अवकाळी पावसात मोहोर जातो, कर्ज राहते. दोन-तीनशे कलमांच्या मालकाला कारखानदारासारखे रजिस्टर ठेवायला सांगितले तर त्याला ते झेपणार नाही, आणि निरीक्षकाच्या फेऱ्या वाढल्या तर वेगळाच जाच सुरू होईल. म्हणून नियम थोडे आणि सोपे हवेत, आणि नोंद ग्रामपंचायतीतच व्हायला हवी. कागद आपल्याला नवा नाही. निर्यातीचा आंबा युरोपला पाठवायचा तर बागेची मँगोनेटवर नोंद करतो, कोणते औषध कधी मारले ते लिहून ठेवतो. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, त्यासाठीही अर्ज भरले. खाणाऱ्याच्या पोटात औषधाचा अंश जाऊ नये म्हणून जी वही ठेवली जाते, तिच्यातच ते औषध अंगावर घेणाऱ्याचे नाव, त्याला दिलेले हातमोजे आणि मास्क यांची एक ओळ सहज मावेल.

नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात. मालकाने मराठीत किंवा हिंदीत लिहिलेला करार थोडीफार शाळा झालेला नेपाळी कामगार निदान अक्षरे लावून स्वतः वाचू शकतो. जिथे परदेशी मजूर येतात अशा फार थोड्या ठिकाणी ही सोय असेल. आपण मात्र आजवर तिचा काहीच उपयोग केलेला नाही, हिशेब मालकाच्या वहीत आणि कामगाराच्या तोंडी राहतो.

या अंकासोबत एका पानाचा करारनामा जोडला आहे, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला नेपाळीत. त्यात महिन्याचा पगार, दिलेली उचल, ती कोणत्या महिन्यांत किती वळती होणार, परतीचे भाडे कोण देणार, अपघात विमा उतरवला की नाही, आणि गावाकडच्या नातेवाइकाचे नाव, पत्ता, फोन एवढेच रकाने आहेत. ओळखपत्र कामगाराकडेच राहील, हेही त्यात छापले आहे. आमचे बरेच वर्गणीदार बागायतदार आहेत, काही नौकामालक आहेत. त्यांना विनंती, की हंगामाची माणसं आली की पहिल्याच आठवड्यात हे पान भरा. एक प्रत कामगाराला द्या, एक ग्रामपंचायतीत ठेवा. पान कमी पडले तर झेरॉक्स काढा, आणि एखादा रकाना अडचणीचा वाटला तर कोणता आणि का, ते आम्हाला कळवा. एप्रिलच्या अंकात ती पत्रे छापू आणि त्यांसह सुधारलेला मसुदा कामगार आयुक्तांकडे नेऊ.