खेळातून सूट नको, खेळात जागा हवी



नवीन सत्र सुरू झाले की आमच्या टेबलावर काही अर्ज हमखास येतात. ‘पाल्याच्या पायात दोष आहे, तरी त्यास खेळाच्या तासातून सूट मिळावी.’ आम्ही ते सहानुभूतीने मंजूर करीत आलो. मग ती मुले झाडाखाली बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. आज प्रामाणिकपणे सांगतो, ती सही करण्यात आमची चूक झाली.

ऑस्ट्रेलियाच्या लीसल टेश यांचे उदाहरण पाहावे. वयाच्या १९व्या वर्षी सायकलच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली व पाय अंशतः अधू झाले. परंतु खेळ सुटला नाही. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये १९९२च्या बार्सिलोनापासून २००८च्या बीजिंगपर्यंत त्या सलग पाच पॅरालिम्पिक खेळल्या. सिडनी (२०००) व अथेन्स (२००४) येथे संघाला रौप्य, तर बीजिंगला कांस्य पदक मिळाले. पुढे नौकानयनात त्यांनी २०१२ व २०१६ साली सुवर्णपदके जिंकली. विशेष म्हणजे त्या शाळेत भूगोल शिकवीत. २०१७ साली त्या न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेवर निवडून गेल्या.

टेश यांची जिद्द मोठीच, पण केवळ जिद्दीचे कौतुक करून आपण मोकळे होऊ नये. त्या खेळाचे नियमही पाहावेत. बास्केट तेवढ्याच, म्हणजे दहा फूट उंचीवर असते. तिथे सवलत नाही. मात्र प्रत्येक खेळाडूला शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण दिलेले असतात. क्षमता जास्त तर गुण जास्त, आणि मैदानावरील पाच जणांची बेरीज १४च्या वर जाता कामा नये. त्यामुळे कमी क्षमतेच्या खेळाडूवाचून संघ उभाच राहत नाही. तिला घेणे हा उपकार नव्हे, ती संघाची गरज आहे.

आपल्या शाळेत असे का होऊ नये? पालकांना मूल पडण्याची, कोणी हसण्याची भीती वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु झाडाखाली एकटे बसणेही मुलाला लागतेच, फक्त ते दिसत नाही. शिवाय दिव्यांग विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यावी, असे २०१६चा कायदाही सांगतो.

विश्वस्त मंडळास विनंती की मैदानाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधून द्यावा. पालकांनी सुटीचा अर्ज देण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांना एकदा भेटावे. आणि मुलांनो, तुम्ही चेंडू, अंतर, गडी यांचे असे नियम सुचवा की वर्गातला एकही जण बाहेर बसणार नाही. चांगले नियम आम्ही येत्या क्रीडा महोत्सवात लागू करू.

यापुढे आजारपण सोडून अन्य कारणाने आलेल्या अर्जावर आम्ही डोळे मिटून सही करणार नाही.

– मुख्याध्यापक