रूपांतर नाटकाचे आणि रूपांतर यंत्राचे

मराठीच्या अध्यापकांनी मोटारसायकलवर लिहावे, हे अनेकांना विषयांतर वाटेल. आमच्या मते हा विषय भाषेचाच आहे. कारण वाद एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे 'नक्कल'. आकुर्डी-चाकणच्या 'पल्सर'चा उल्लेख निघाला की आमच्या व्यवसायबंधूंपैकी कोणी तरी 'जपान्यांची नक्कल हो' असे म्हणून विषय संपवतो. तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी वर्गात देवलांचे 'झुंझारराव' शिकवताना 'नक्कल' हा शब्द तोंडातून काढत नाही. शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' मराठी रंगभूमीवर आणताना देवलांनी काय ठेवले, काय गाळले, काय नव्याने घडवले याची तो तासभर चर्चा करतो आणि त्या सर्वांस 'रूपांतर' असे भारदस्त नाव देतो. नाटकाला एक न्याय आणि यंत्राला दुसरा, हे का?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. नाटक आम्हांला वाचता येते, यंत्र वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्याला नक्कल म्हणून मोकळे होणे सोयीचे असते.

आधी मूळ संहिता पाहू. 1969 साली होंडाने चार सिलिंडरांची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली 'सीबी 750' बाजारात आणली आणि जपानी मोटारसायकलीला स्वतःची शैली मिळाली. ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांचे अनुकरण सुरू झाले. इंजिन आणि सांगाडा प्लास्टिकच्या आवरणाखाली गेले. 1989 साली कावासाकीने 'झेफर' आणून ते आवरण उतरवले, गाडी लोकप्रिय झाली आणि अशा गाड्यांना 'नेकेड' म्हणण्याचा प्रघात पडला. आपण 'उघडी' म्हणू.

हे उघडेपण स्वस्तातले नसते. आवरण असले की वेडीवाकडी नळी, ओबडधोबड जोड, वायरींचा गुंता सारे त्याखाली खपते. आवरण काढले की इंजिनची प्रत्येक पाकळी आणि प्रत्येक बोल्ट दर्शनी होतो. जे कामाचे तेच देखणे असावे लागते. शिवाय वारा थेट छातीवर येत असल्याने कमाल वेगाला फारसा अर्थ उरत नाही. महत्त्व येते ते मधल्या वेगातील ओढीला. होंडाच्या 'सीबी 400'मध्ये 1999 साली आलेली व्हीटेक योजना यासाठीच होती. इंजिन मंद फिरत असता प्रत्येक सिलिंडरच्या दोनच झडपा उघडत, वेग चढला की चारही. आणि 400 हा आकडाही हौसेचा नव्हता. जपानच्या मधल्या परवान्याची मर्यादाच 400 सीसीची आहे. म्हणजे संहिता त्या देशाच्या कायद्यातून, रस्त्यातून आणि खिशातून घडलेली होती.

ती जशीच्या तशी उचलून इथे आणली असती तर चालली नसती. बजाज आणि कावासाकी यांचा संबंध ऐंशीच्या दशकातला. 1986 साली 'केबी 100' आली, 1991 साली 'फोर एस चॅम्पियन'. 1999 साली हीरो होंडाच्या 'सीबीझेड'ने उघड्या, दमदार गाडीची वाट दाखवली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नोव्हेंबर 2001 मध्ये 'पल्सर' 150 आणि 180 अशा दोन रूपांत आली. तिच्या रूपरेषेला टोकियो आर अँड डी या जपानी संस्थेचा हात लागला होता. अभियांत्रिकी बजाजची होती. चार सिलिंडरांच्या जागी एक आला, पाण्याऐवजी हवेने थंड होणारे इंजिन आले. इथे हौसेची गाडी हीच कामाचीही गाडी असते. तिच्यावर नोकरीला जायचे, तिच्यावरच मासळीचा डबा न्यायचा आणि महिनाअखेरीस पेट्रोलचा हिशेबही द्यायचा.

खरी परीक्षा इथे होती. ताकद हवी आणि पेट्रोलही कमी जाळायचे, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. 2003 साली 'डीटीएस-आय' या नावाने त्यावर उपाय आला. सिलिंडरच्या माथ्यावर एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसवले. ज्वाळा एका कडेकडून दुसरीकडे जाण्याऐवजी दोन्हीकडून मध्ये येते, तिचे अंतर घटते, इंधन अधिक वेगाने आणि अधिक पुरते जळते. दोन प्लगांची कल्पना जुनीच होती. दावा होता तो लहान व्यासाच्या सिलिंडरात ती बसवण्याचा. त्यावरून 2007 साली बजाज आणि टीव्हीएस यांच्यात पेटंटचा वाद पेटला आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जुनी कल्पना नव्या मापात बसवणे ही निर्मिती की नाही, याहून अधिक वाङ्मयीन प्रश्न कोणता? पण वाङ्मयचौर्यावर वर्षानुवर्षे भांडणाऱ्या आमच्या वर्तुळात त्याचा पडसाद आम्हांला तरी आढळला नाही.

वाचक मात्र आहेत. ते आमच्या वर्तुळाबाहेर आहेत. मालवण तालुक्यात समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या पट्टीवर तोंडवली आहे. उघड्या यंत्राची इथे रोज कसोटी लागते. खारा वारा चेन खातो, बोल्ट धरून ठेवतो, रंगाखाली शिरतो. या भागातला गॅरेजवाला मेस्त्री प्लग काढतो, उजेडात धरतो आणि म्हणतो, 'प्लग काळो पडलो हा'. काळा म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढरट म्हणजे उलट. विटकरी म्हणजे मिश्रण नेमके. एका चिन्हावरून न दिसणाऱ्या क्रियेचा अर्थ लावणे, यालाच आम्ही वर्गात संहितेचे वाचन म्हणतो. मेस्त्री ते करतो तेव्हा त्याला 'हातकाम' म्हणतात.

आक्षेप येईल की ही यंत्रपूजा झाली; या गाड्यांनी गोंगाट वाढवला, पोरांचे जीव घेतले, आणि 'डेफिनेटली मेल' म्हणणाऱ्या जाहिरातीने पुरुषी मिजास विकली. आक्षेप खरे आहेत आणि ते आमच्याच बाजूचे आहेत. जाहिरातीला उत्तर प्रवचनाने देता येत नाही, ज्ञानाने देता येते. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. चाक जाम होऊ लागताच ही योजना ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा धरते. पण अनेक गाड्यांत ती केवळ पुढच्या चाकाला असते. मागचे चाक वाळूवर जाम होऊन घसरू शकते. वाऱ्याने वाळू रस्त्यावर आणणाऱ्या किनाऱ्यावर हे एक वाक्य जीव वाचवू शकेल. ते नेटक्या मराठीत लिहिण्याचे काम आम्ही जाहिरातवाल्यांवर सोपवले आणि मग भाषेच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवले.

मराठीला हे नवे नाही. 'किर्लोस्कर' हे मासिक 1920 साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघाले ते एका कारखान्याचे पत्र म्हणून. नांगर घडवणाऱ्यांच्या वसाहतीतून मराठी मध्यमवर्गाला विचार करायला लावणारे मासिक जन्मले. पुढे यंत्र आमच्या साहित्यात आले ते बहुधा माणसाला चिरडणारी शक्ती म्हणून. ती व्यथा खरी होती. पण यंत्र घडवणाऱ्याच्या बुद्धीचे वर्णन करणारे गद्य आम्ही विसरलो.

याची किंमत आमचे विद्यार्थी देतात. सिंधुदुर्गातला मुलगा आयटीआय करून घाट चढतो, चाकणला लागतो आणि आपण दिवसभर काय करतो हे घरी सांगायला त्याच्याजवळ भाषा नसते. 'कंपनीत आहे' एवढ्यावर त्याचे आत्मचरित्र संपते. आमची मागणी लहान आहे. पदवीच्या उपयोजित मराठीत एका इंजिनाचे वर्णन लिहायला लावा, आणि ते तपासायला मराठीच्या अध्यापकाबरोबर मेस्त्रीलाही बसवा.

आणि 'नक्कल' म्हणणाऱ्यांसाठी एक अखेरची नोंद. 2012 साली आलेली 'पल्सर 200 एनएस' इंडोनेशियात कावासाकीने आपल्या दुकानांतून विकली. रूपांतर मूळ लेखकाने आपल्या नावाशेजारी छापावे, असे भाग्य किती मराठी नाटकांना लाभले? ज्याने मूळ संहिता वाचली नाही त्याने रूपांतरावर अभिप्राय देऊ नये, हे आम्ही वर्गात शिकवत आलो आहोत. तो नियम वर्गाबाहेरही पाळावा.