राखीव नियंत्रक खरोखर जागा आहे का?

विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि चंडीगडची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून विकसित केलेल्या ‘विक्रम ३२०१’ या ३२-बिट प्रोसेसरची पहिली खेप ५ मार्च २०२५ रोजी इस्रोला मिळाली. या स्वदेशी चिपचे कौतुक यथायोग्यच आहे. परंतु विश्वासार्हतेची कसोटी चिपपाशी संपत नाही. मुख्य नियंत्रक बंद पडल्यावर राखीव नियंत्रक कोणत्या माहितीच्या आधारे सूत्रे हाती घेतो, हा खरा प्रश्न आहे.

कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत मुख्य नियंत्रक आपली स्थिती राखीव नियंत्रकाला सतत कळवत असतो: टायमर किती सरकला, मोजणी कोठवर आली, झडप किती उघडी आहे. यातील एखादा आकडा शिळा राहिला, तर सूत्रांतराच्या क्षणीच झडपेला हिसका बसू शकतो. दोन्हींत एकच सदोष प्रोग्राम असेल, तर मात्र अचूक ताळमेळही कामी येत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियन-५ रॉकेटवर दिशादर्शक संच दोन होते, सॉफ्टवेअर एकच. एकाच त्रुटीने दोन्ही निकामी झाले. राखीव संच तर आधी.

म्हणून ‘पर्यायी यंत्रणा बसवली आहे’ एवढ्या शेऱ्यावर तपासणी संपवू नये. नियोजित वेळी मुख्य नियंत्रक मुद्दाम बंद करून सूत्रांतर पाहणे बंधनकारक असावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही हा प्रयोग प्रयोगशाळेतच करावा. न तपासलेली राखीव यंत्रणा ही केवळ समजूत असते.