भाड्याच्या घरातील लक्ष्मीपूजन

दिवाळीला घर सोडू नये, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. ज्या दारी दिवा लागला त्या दारी लक्ष्मी येते. यजमानच दाराला कुलूप लावून समुद्रकिनारी हवा खावयास गेला असेल तर तिने थांबावे तरी कोणासाठी, असा त्यामागील भाव. तो आम्हांला मान्य आहे. परंतु ज्या घरांतील मुले परदेशी स्थिरावली, त्या घरांपुढे आज निराळाच प्रश्न उभा आहे. तेथे दिवा लागतो, फराळही होतो. मात्र दिवा लावणारी माणसे दोन आणि तो पाहणारीही तीच दोन. अशा वेळी मुलांनी सुचविले की, यंदा सर्वांनी मिळून कॅरिबियन बेटांवर एक व्हिला आठ दिवसांसाठी भाड्याने घेऊ या, तर आईवडिलांनी काय उत्तर द्यावे?

आमच्या घरी हा प्रस्ताव सन २०२४ मध्ये आला. थोरला मुलगा न्यू जर्सीस, धाकटी कन्या टोरांटोस. आम्ही उभयता त्या वर्षी मुलाकडे राहावयास गेलेलो. तिकडे दिवाळीची सुट्टी नसते, ज्याने त्याने आपली रजा खर्चावयाची. एकाच्या घरी जमावे तर दुसऱ्याने पाहुणा व्हावयाचे. शेवटी टोबॅगो बेट ठरले. त्रिनिदाद आणि टोबॅगो हे मिळून एकच राष्ट्र. तेथे जून ते डिसेंबर पावसाळा, त्यामुळे ऑक्टोबरअखेर घरभाडे नाताळानंतरच्या दिवसांपेक्षा पुष्कळ उतरलेले असते. आप्तांपैकी काहींनी नाक मुरडले. “दिवाळी का सहलीत करावयाची?” असा त्यांचा सवाल. आमचे मत त्यांच्याहून निराळे आहे.

हॉटेल आणि भाड्याचे घर यांत मोठा भेद आहे. हॉटेलात प्रत्येक कुटुंबाचे दार निराळे असते. व्हिलात स्वयंपाकघर एक, जेवणाचे टेबल एक, ओसरी एक. लहानमोठी आठ माणसे एका छपराखाली निजतात आणि सकाळी चहाच्या भांड्याभोवती जमतात. वाड्यात वाढलेल्या आमच्या पिढीस ही रीत परिचयाची. आमच्या नातवंडांनी मात्र ती प्रथमच अनुभवली. शिवाय, या घरावर कोणाचीच मालकी नसते. मुलाच्या घरी गेले की आई सुनेच्या स्वयंपाकघरात बिचकत वावरते, सून सासरी आली की तिचेही तसेच. भाड्याच्या घरात मीठ कोठे ठेवले आहे हे दोघींनाही ठाऊक नसते! दोघी मिळून कपाटे उघडतात. वर्षानुवर्षांचा संकोच त्या उघडझाकीत किती सैल होतो, हे आम्ही पाहिले आहे.

मात्र एक धोका आहे, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. मुले समुद्रस्नानास जातात आणि आई ओट्याशी उभी राहून चकल्या तळते, अशी सहल घडत असेल तर ती न घडलेली बरी. आमच्या कन्येने पहिल्याच दिवशी बजावले, “आई, तू फक्त सांग, करू आम्ही.” करंज्यांच्या कडा सुटल्या, सारण तेलात उतरले, आणि तरीही त्या संपल्या. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी नैवेद्यापुरते एक पातेले व एक पळी सोबत न्यावी. भाड्याच्या घरातील भांड्यांत पूर्वी काय शिजले असेल याची चौकशी करण्यात अर्थ नाही. ताजी पाने-फुले आणि बी-बियाणे विमानतळावरील तपासणीत अडतात, म्हणून ती नेऊ नयेत. जास्वंद, आंब्याची पाने, नारळ हे सारे त्या बेटांवर विपुल आहे.

आता पंचांगाविषयी. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झाले. त्रिनिदादमध्ये दिवाळीची सार्वजनिक सुट्टी ३१ ऑक्टोबरला होती. (२०२५ मध्येही असाच एका दिवसाचा फरक पडला.) आमच्याकडे यावरून वाद झाला. तिथी पाहता उत्तर सरळ होते. भारतात अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. त्रिनिदाद-टोबॅगोचे घड्याळ आपल्याहून साडेनऊ तास मागे. म्हणजे तेथे अमावास्या ३१ तारखेच्या सकाळी लागून १ तारखेच्या सकाळीच संपली. प्रदोषकाळी अमावास्या हवी, तर तेथील पूजा ३१ तारखेसच योग्य. पंचांग पुण्याचे आणि सूर्यास्त टोबॅगोचा, असा मेळ बसत नाही. ज्या भूमीवर उभे आहोत तेथील आकाश मानावे, हेच शास्त्राला धरून आहे. पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हा पुण्यात पहाटेचे सव्वातीन वाजले होते आणि आमचे आप्त गाढ झोपेत होते.

तीच गोष्ट संकल्पाची. संकल्पात आपण देश आणि काल उच्चारतो. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा तीर ही नावे आमच्या जिभेवर इतकी बसली आहेत की समोर अटलांटिकच्या लाटा फुटत असतानाही तीच येऊ लागतात. उत्तर अमेरिकेतील काही पुरोहित क्रौंचद्वीपाचा उच्चार करतात. आम्ही बेटाचे चालू नाव घेऊन संकल्प केला. आपण कोठे आहोत हे देवापुढे खरे सांगणे, एवढाच त्या उच्चाराचा हेतू असावा असे आम्ही मानतो.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पाटाचा. पाटावर बसावयाचे कोणी? आपल्या घरांत वडील हात थरथरेपर्यंत पूजा करतात, आणि पन्नाशीचा मुलगा शेजारी उभा राहून घंटा वाजवितो. मग एके दिवशी सारे त्याच्या अंगावर पडते आणि त्याला आचमनही धड येत नाही. भाड्याच्या घरात वडिलांची ठरलेली जागा नसते. “बाबा, तुम्हीच बसा,” असे मुलाने म्हटले. आम्ही त्याला आणि सूनबाईंना बसविले. आम्ही मागे खुर्चीवर बसून क्रम सांगत होतो. तो अडखळला, अक्षता वाहण्याच्या जागी हळद वाहिली; कन्येने हळूच हात धरला. आमच्या मते अशा प्रवासाचे खरे प्रयोजन हे आहे. मुले आपल्या घरी परतून पुढील वर्षी एकट्याने पूजा मांडू शकली तर दिवाळी टिकली; अन्यथा आमच्यापाशीच ती थांबावयाची.

भाड्याच्या घरात देव बसतात का, ही शंका ज्यांना छळते त्यांनी त्या बेटांचा इतिहास पाहावा. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे अशा करारावर तेथे गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील. त्यांना राहावयास उसाच्या मळ्यांवरील बराकी मिळाल्या. एका कुटुंबास एक कोंदट खोली, भिंत शेजाऱ्याची, छप्पर मालकाचे. त्या बेटावरील दिवाळी अशा परक्या घरांतून उजळत आली आहे. १९६६ पासून तो दिवस तेथे राष्ट्रीय सुट्टीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे १८ टक्के लोक हिंदू आहेत.

शिवदास साधू या मजुराची कथा तर अधिक बोलकी. त्याने १९४७ मध्ये वॉटर्लू येथे किनाऱ्यावर मंदिर उभारावयास घेतले. जमीन साखर कंपनीची निघाली. १९५२ मध्ये मंदिर पाडण्यात आले आणि त्याला तुरुंगात जावे लागले. मग त्याने समुद्रातच भर घालण्यास आरंभ केला, कारण समुद्रावर कोणाची मालकी नव्हती. सायकलवरून दगडमाती वाहत तो वर्षानुवर्षे तेथे राबला. ते देवालय आज पाण्यात उभे आहे. टोबॅगोहून त्रिनिदाद विमानाने जेमतेम अर्ध्या तासावर. आम्ही दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन आलो. कमानीसारख्या वाकविलेल्या बांबूंवर मातीच्या पणत्यांच्या रांगा मांडण्याची तेथील रीत आहे. आदल्या रात्रीच्या त्या कमानी अंगणाअंगणांतून अजून उभ्या होत्या. एका दुकानात ‘कुरमा’ नावाची मिठाई मिळाली. चव पाहताच नात म्हणाली, “आजी, हे तर शंकरपाळे!”

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहतात. त्रिनिदादमध्ये नारळाच्या हिरांचा खराटा मिळतो, अगदी आपल्या कोकणातल्यासारखा. आम्ही तोच पूजेत ठेवला. पण भाड्याच्या घरी केर काढावयास रोज एक बाई येत असे. केरसुणीला कुंकू वाहून ती हाती धरणारीला नुसती वाट दाखविणे शोभत नाही. दिवाळीची पोस्त आपण आपल्या गड्यामाणसांना देतो, ती तिच्याही हातावर ठेवावी. आठ दिवसांच्या भाड्यापुढे ती रक्कम किती!

व्हिला घेणाऱ्यांनी आणखी एवढे पाहावे. मालकाची उघड्या दिव्यास अनुमती आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर पणत्या अंगणात, वाऱ्याच्या आडोशाला लावाव्यात. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घर सोडावे लागेल असा करार मुळीच करू नये. रजा आणि पैसा वाचविण्यासाठी मुले तसेच करू पाहतात. आमच्या येथेही तोच बेत होता. कन्येने हट्टाने दोन दिवस वाढवून घेतले. न्यू जर्सीच्या भावाला टोरांटोच्या बहिणीने समोर बसवून ओवाळले, याला त्या दिवशी अकरा वर्षे उलटली होती.