पुढे वाच!

मार्चमधली गोष्ट. आमच्याकडे रात्रीच्या उपासनेत बायबल वाचन चालू होते. एक जानेवारीपासून भिंतीवर तक्ता लावलेला. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. म्हणजे ३१ डिसेंबरच्या आत संपूर्ण बायबल, ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय, वाचून पूर्ण! वाचन झाले की तक्त्यावर खूण करायची आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायचे. पुण्याचे झाले, नागपूरचे झाले, भंडाऱ्याचे झाले. खाली जोडलेल्या हातांची रांग.

त्या रात्री शास्ते या पुस्तकाचा अकरावा अध्याय होता. वाचायची पाळी नातीची. इफ्ताह नावाचा सेनापती लढाईला जाताना नवस बोलतो, जिंकून परत आलो तर माझ्या घराच्या दारातून जे कोणी पहिल्यांदा सामोरे येईल ते देवाला वाहीन. तो जिंकतो. सामोरी येते त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवत, नाचत. बाप नवस फेडतो.

नात थांबली. बारा वर्षांची पोर. नुकताच शाळेत महिला दिन झाला होता, त्यात तिचे भाषणही झाले होते. म्हणाली, "आजी, त्या मुलीचं नाव काऊन नाही लिहिलं? अन् तिला वाचवायला कोणीच कसं नाही आलं?"

मी काय म्हणाले असेन? "पुढे वाच. अजून एक अध्याय राहिला आहे."

तिने वाचले. खूण झाली. ग्रुपवर हात जोडले गेले.

जन्मभर शाळेत मराठी शिकवले. प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी कधी गप्प केले नाही असे चारचौघांत अभिमानाने सांगत आले. आणि घरात, देवाचे वचन समोर उघडे असताना, मीच म्हणाले पुढे वाच! त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे, आणि ते काही नातेवाइकांना आवडणार नाही. तरी लिहिते. वर्षात बायबल संपवायची ही जी शर्यत आपण लावली आहे, ती बायबलचे वाचन नव्हे. ते पारायण आहे. आणि अर्थावाचूनच्या पारायणातून बाहेर पडायला आपल्याच एका बाईने केवढी किंमत मोजली, ते आपण विसरलो आहोत.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे वाचण्यात गेले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्या या पुराणवाचनाबद्दल सांगतात. वाचायचे संस्कृतात, ऐकणाऱ्यांना अर्थ कळायचा नाही, आणि तो कळावा अशी कोणाची अपेक्षाही नसायची. कानावर पडले की पुण्य लागले! याच रमाबाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करत बसल्या. मराठी बायबल तेव्हा नव्हते का? होते. पण त्यांना खेड्यातल्या साध्या बाईला समजेल असे हवे होते. १९२२ साली त्या गेल्या. १९२४ साली ते बायबल केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापून निघाले.

एका बाईने समजावे म्हणून इतका जन्म घातला, आणि आपण काय करतो? तिसऱ्या अध्यायाला जांभई देतो आणि खूण करतो.

यावर मला सांगतात, "देवाच्या वचनात सामर्थ्य आहे. समजले नाही तरी ते काम करते." मग बायबल स्वतः काय म्हणते ते बघा ना. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लोकांसमोर नियमशास्त्र वाचतो, तेव्हा लेवी लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगत जातात. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप रथात वाचत बसलेल्या कूशी अधिकाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की जे वाचतोस ते तुला समजते का? तो सरळ सांगतो, कोणी सांगितल्याशिवाय कसे समजेल? मग फिलिप शेजारी बसतो. किती अध्याय झाले हे विचारत नाही! आणि बाराव्या वर्षी येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून काय करत होता? ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. त्यालाही कोणी पुढे वाच म्हणाले असते तर?

दुसरे उत्तर असे, की अर्थ सांगायला पाळकसाहेब आहेत, घरात नसते फाटे कशाला फोडायचे. यावर मला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. म्हणजे आपल्याच वरठी आणि तुमसर रोडवरून. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, आणि त्याने त्यांना बायबल वाचायला सांगितले. टिळकांनी वाचले, पण पोथीसारखे नव्हे. अडले तिथे शंका काढल्या, पत्रे लिहून उत्तरे मागवली. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो या सगळ्यानंतर. शंका काढल्याने त्यांचा विश्वास गेला नाही, उलट तिथूनच आला.

आता माझ्या मुलाचे म्हणणे. तो म्हणतो, "आई, तक्ता नसेल तर लोक महिनाभर पुस्तक उघडणार नाहीत. निदान सवय तरी लागते." हे मात्र खरे आहे, मी नाकारत नाही. माझ्या सासूबाईंना अक्षर येत नव्हते. रोज ऐकून ऐकून त्यांना कितीतरी स्तोत्रे पाठ झाली होती, आणि शेवटच्या आजारात तीच कामाला आली. नेम हवाच. पण वर्षभराच्या वाचनाचा तक्ता ज्यांनी प्रसिद्ध केला त्या स्कॉटलंडच्या रॉबर्ट मॅकशेन यांनी १८४२ साली त्याच पत्रकात त्याचे धोकेही लिहून ठेवले होते. वाचन नुसता उपचार होईल, वाचल्याचा अहंकार येईल, घाईने वाचले जाईल, जू जड होईल. आपण तक्ता तेवढा घेतला, इशारा सोडून दिला.

घाईचा तोटा काय ते सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि नात पुन्हा पुस्तक घेऊन बसलो. मागे मागे जाऊ लागलो. उत्पत्तीत अब्राहाम इसहाकावर सुरी उगारतो तेव्हा देवदूत हाक मारून थांबवतो. इथे कोणीच हाक मारत नाही. आणि देवाने हा नवस मागितला होता असेही कुठे लिहिलेले नाही. मग लेवीयाचा सत्ताविसावा अध्याय सापडला. देवाला नवसाने वाहिलेल्या माणसाचे मोल भरून नवस फेडण्याची सोय त्यात आहे! इफ्ताहाच्या मुलीला ती लागू पडली असती की नाही, यावर जाणकारांत मतभेद असतील. पण तो अध्याय आम्ही फेब्रुवारीतच वाचला होता. तक्त्यावर माझ्या हातची खूण होती. आणि मला त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

नात म्हणाली, "म्हणजे घरातल्या कोणीतरी त्याला म्हणायला पाहिजे होतं, थांबा म्हणून." बरोबर आहे. इफ्ताहाच्या घरात थांबा म्हणणारे कोणी नव्हते. बोललेले पूर्ण केलेच पाहिजे, एवढेच त्याला ठाऊक होते.

तक्ता मी काढला. आता रोज एकच अध्याय. वाचून झाला की प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, लहानांनी आधी. उत्तर येत नसेल तर मोठ्यांनी "मला माहीत नाही" असे सरळ म्हणायचे. (हे मुलाला जरा जड जाते.) न सुटलेले प्रश्न वहीत लिहायचे आणि रविवारी पाळकसाहेबांना विचारायचे. ग्रुपवर 'झाले' कळवणे बंद. त्याबद्दल दोन ठिकाणांहून फोन आले, भंडाऱ्याचे वाचन थांबले का म्हणून!

या हिशोबाने संपूर्ण बायबलला सव्वातीन वर्षे लागतील. सत्तरी कधीच ओलांडली, तेव्हा प्रकटीकरणापर्यंत मी पोचेन की नाही कोण जाणे. नाही पोचले तर नातीच्या आवाजात पुढचे वाचले जाईल. वहीतला पहिला प्रश्न तिचाच आहे, त्या मुलीचे नाव का नाही. त्यापुढची जागा अजून कोरी आहे. तुमच्यापैकी कोणाला काही सुचले तर जरूर सांगा, मी तिला वाचून दाखवीन.