मक्याचे प्लास्टिक, रबराचा चिवटपणा आणि पांढुर्णा

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे करून मध्य प्रदेशात पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला. नागपूरला लागून असलेला हा मराठीभाषक टापू संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, तर शेजारचा छिंदवाडा मक्यासाठी. सौंसरजवळ बोरगाव येथे औद्योगिक वसाहतही आहे. मात्र जिल्हा झाला की कार्यालये येतात, रोजगार आपोआप येत नाही. मक्यापासून होणाऱ्या प्लास्टिकचा विचार येथे करावयास हवा तो याच कारणास्तव.

मक्याच्या पिष्टापासून साखर, साखर आंबवून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून ‘पीएलए’ हे प्लास्टिक तयार होते. एकदा वापरून फेकावयाच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला तीतून सूट मिळते. ‘पीएलए’ला त्यामुळे वाव आहे. अडचण एकच, ते ठिसूळ असते. थोडे ताणले वा आपटले की तडकते.

यावरचा उपाय जुनाच आहे. ठिसूळ पॉलिस्टायरीनमध्ये रबर मिसळून ते चिवट करण्याची पद्धत उद्योगांनी विसाव्या शतकातच रुळवली. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे रबराचे कण प्लास्टिकमध्ये सर्वत्र पसरले की आघाताची ऊर्जा एका ठिकाणी न साठता अनेक सूक्ष्म ठिकाणी विखुरते आणि तडा पुढे सरकत नाही. ‘पीएलए’मध्ये सुमारे दहा टक्के नैसर्गिक रबर मिसळल्यास ते तुटण्यापूर्वी कितीतरी अधिक ताणले जाते, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. सत्तरी-सांगेच्या उतारांवर रबर पिकवणाऱ्या गोमंतकीय बागायतदारांनीही याची नोंद घ्यावी.

मात्र चिवटपणा फुकट मिळत नाही. रबर वाढवावे तसा ताठपणा आणि ताणबल घटते. कण नीट पसरले नाहीत तर मिश्रण उलट कमकुवत होते. शिवाय साधे ‘पीएलए’ ५५ ते ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते आणि रबराने हा दोष जात नाही. विदर्भालगतच्या उन्हाळ्यात बंद ट्रकमध्ये संत्र्यांच्या पेट्या ठेवावयाच्या तर हे ध्यानात घ्यावेच लागेल. नैसर्गिक रबर कुजते, पण सावकाश. त्यामुळे मिश्रणाची कंपोस्ट होण्याची चाचणी नव्याने करावी लागेल. तिच्याविना बंदीतील सूट मागता येणार नाही.

मका विकून शेतकऱ्याला मक्याचाच भाव मिळतो आणि रबर विकून बागायतदाराला रबराचा. खरे मोल मिश्रण, साचे आणि चाचणी यांत वाढते. ते काम बोरगावात झाले, तर पांढुर्ण्याच्या तरुणाला नागपूरची वाट धरावी लागणार नाही. नव्या जिल्ह्याने केवळ कारखान्याची मागणी करून थांबू नये. चाचणी-प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित कारागीर यांचीही मागणी करावी.