वणव्याची वर्दी आणि सरकारी धाव

फाल्गुन सरून चैत्राची उन्हे तापू लागली म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरील गवत कोळपून पिवळे पडते आणि विदर्भातील सागवनांत पायाखाली वाळक्या पानांचा थर साचतो. अशा दिवसांत फेकून दिलेली जळती विडी, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली पेटविलेला पाला, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग, किंवा दाढ भाजताना बांध ओलांडून गेलेली ज्वाळा वणव्यास पुरेशी होते. वणवे का लागतात, याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले असून त्यातील उपदेश शेतकऱ्यांच्या पाठ झाला आहे. त्या मानाने एका प्रश्नाकडे लक्ष गेलेले नाही. वणवा लागल्यानंतर सरकारी यंत्रणा तेथे पोहोचण्यास किती वेळ लावते, आणि तो वेळ नेमका कोठे खर्च होतो?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे साध्या हिशेबाने कळते. सपाट माळावर, वारा पडलेला असताना, आगीची कड मिनिटास ५ मीटर वेगाने चोहोबाजूंस सरकते असे मानले, तर २० मिनिटांनी जळालेले वर्तुळ सुमारे ३ हेक्टरांचे व त्याचा परीघ सुमारे ६३० मीटरांचा होतो. पंधरा-वीस माणसांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ही कड विझविणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही. तीच माणसे एका तासाने पोहोचली, तर परीघ तिप्पट झालेला असतो आणि क्षेत्र नऊपट, म्हणजे सुमारे २८ हेक्टर. वाऱ्याची वा चढणीची जोड मिळाल्यास हा हिशेबही कोलमडतो. जमिनीचा चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा वनशास्त्रातील ठोकताळा आहे. म्हणून घाटमाथ्याच्या पायथ्याशी घालविलेला अर्धा तास पठारावर घालविलेल्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी महाग पडतो.

आग दिसण्याच्या बाबतीत गेल्या दोन दशकांत मोठी प्रगती झाली, हे मान्य केले पाहिजे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे शोधून राज्यांच्या वनविभागांस कळवीत आली आहे. प्रारंभी या पाहणीचा ठिपका १ किलोमीटरचा होता. पुढे ३७५ मीटरचा ठिपका देणारे उपकरण उपयोगात आले आणि नोंदणी केलेल्या व्यक्तीस भ्रमणध्वनीवर संदेश मिळण्याची सोय झाली. ही नोंदणी सामान्य नागरिकासही खुली आहे, ही गोष्ट खेड्यांत फारशी कोणास ठाऊक नाही.

तथापि उपग्रह हा काही टेहळणीच्या मनोऱ्यावर अखंड बसलेला राखणदार नव्हे. अधिक सूक्ष्म पाहणी करणारे उपग्रह एखाद्या ठिकाणावरून भर दुपारी व मध्यरात्रीनंतर, अशा ठरावीक वेळींच जातात. दुपारी तीन-चार वाजता, म्हणजे गवत सर्वांत कोरडे असताना लागलेली आग त्यांच्या दृष्टीस पडेपर्यंत रात्र उलटते. त्यानंतर माहितीवर संस्कार होऊन संदेश निघावयाचा, आणि तो ज्याच्या हाती पडावयाचा तो वनरक्षक डोंगराच्या दुसऱ्या अंगास फिरतीवर असावयाचा. लहान आग तर झाडोऱ्याआड दिसतही नाही. उलट, गुराख्यास व रानात सरपणास गेलेल्या बाईस धूर दिसतो तो पहिल्या पाच-दहा मिनिटांतच. शासनाने उपग्रहावर खर्च करावा, तो योग्यच आहे. परंतु उपग्रह आला म्हणून गुराख्याची वर्दी दुय्यम मानली जाऊ लागली, तर ती चूक ठरेल.

या वर्दीला आज दोन अडथळे आहेत. पहिला भीतीचा. जो आग कळवितो त्याचीच चौकशी प्रथम होते, अशी समजूत अनेक वनालगतच्या गावांत रुजलेली आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. म्हणून वनकर्मचाऱ्याचे पहिले लक्ष गुन्हेगार शोधण्याकडे वळते. पण आग चालू असताना जबान्या घेत बसणे म्हणजे घर जळत असता विस्तव कोणी टाकला याची पंचायत भरविणे होय. वर्दी देणाऱ्याचे नाव विचारले जाणार नाही, असे वनविभागाने प्रत्येक गावात उघडपणे जाहीर करावे आणि ते पाळावे.

दुसरा अडथळा हद्दीचा. गवताळ माळ कोठे गायरान आहे, कोठे महसूल खात्याचे पड क्षेत्र, कोठे राखीव वन, तर कोठे वनविकास महामंडळाचे रोपवन. आगीला यांतील एकही सीमा ठाऊक नसते. ती ठाऊक असते फक्त कचेऱ्यांना. गायरानात लागलेल्या आगीकडे वनकर्मचारी ती वनाच्या कडेस येईपर्यंत पाहत राहतात, आणि वनातील आग शेताच्या बांधापर्यंत येईतो गावकरी स्वस्थ असतात. जो प्रथम पोहोचेल त्याने विझवावी व हद्द आणि खर्च यांचा विचार नंतर करावा, असा स्पष्ट लेखी आदेश प्रत्येक तालुक्यात हंगामापूर्वी निघणे अगत्याचे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी याच अधिनियमाचे कलम ७९ अवश्य वाचावे. वनात चराईचा, लाकूडफाट्याचा वा अन्य उपजांचा हक्क अथवा परवानगी असलेल्या प्रत्येकावर, तसेच वनालगतच्या गावात शासनाची नोकरी करणाऱ्या वा लोकसेवेसाठी शासनाचे मानधन घेणाऱ्या प्रत्येकावर आगीची वर्दी देण्याचे व कोणी न सांगताही ती विझविण्यास लागण्याचे कर्तव्य हे कलम घालते. हे फार थोड्यांना माहीत आहे. पण कर्तव्याची दुसरी बाजूही आहे. ज्या गावाला वनापासून काही मिळत नाही, ते गाव रात्री-अपरात्री डोंगर चढणार नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळाले. अशा हक्कांमुळे बांबूच्या व इतर उपजांच्या रूपाने वनाचे नफानुकसान ग्रामसभेचे स्वतःचे होते, आणि मग आग विझविणे हे सरकारी काम राहत नाही.

मात्र घाई म्हणजे बेफिकिरी नव्हे. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर वणव्यात सापडून २० हून अधिक गिर्यारोहकांचा बळी गेला. वाळक्या गवताच्या चढणीवर माणूस आगीच्या पुढे धावू शकत नाही. म्हणून गावपथकातील लोकांना आगीच्या वरच्या अंगास न जाण्याची, जळून गेलेल्या भागातून परतीची वाट राखण्याची व सुती जाड कपडे घालण्याची शिकवण हंगामापूर्वीच मिळाली पाहिजे. ती आग लागल्यावर देता येत नाही.

पैशाचेही तेच. जाळरेषा गवत पूर्ण वाळण्याच्या सुमारास, सकाळच्या दवात जाळून घ्यावयाच्या असतात; त्यांचे अनुदान उन्हाळा लागल्यावर पोहोचले तर जाळरेषेचाच वणवा होण्याचा धोका असतो. रोजंदारीवरील अग्निरक्षक हंगामाच्या पहिल्या दिवशी कामावर हवेत व त्यांची मजुरी दर पंधरवड्यास हाती पडावी. उत्तराखंडात २०१६ साली हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी वणव्यांवर पाणी ओतले, त्याची छायाचित्रे देशभर झळकली. वेळेवर मजुरी मिळालेल्या अग्निरक्षकाचे छायाचित्र कोणी काढीत नाही; पण हेलिकॉप्टरची गरज पडू न देणारा तोच असतो.

या सर्वांत सर्वांत स्वस्त सुधारणा एका वहीची आहे. प्रत्येक वनरक्षकाकडे व प्रत्येक वनालगतच्या ग्रामपंचायतीत प्रत्येक आगीच्या चार वेळा नोंदविल्या जाव्यात: धूर प्रथम दिसला ती, वर्दी पोहोचली ती, माणसे निघाली ती, आणि ती आगीजवळ पोहोचली ती. आज जळालेल्या हेक्टरांचा अहवाल वर जातो, वाया गेलेल्या मिनिटांचा जात नाही. या नोंदी पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत वनपालाच्या उपस्थितीत वाचल्या गेल्या, तर कोणत्या गावी वर्दी उशिरा निघाली आणि कोठे वर्दी येऊनही गाडी वा माणूस नव्हता, हे दोन्ही बाजूंस एकाच वेळी कळेल, आणि पुढील हंगामाचे अग्निरक्षक कोणत्या टेकडीवर बसवावयाचे हेही तेथेच ठरविता येईल.